काखेत लस, गावाला वळसा

हज यात्रेला निघणाऱ्या प्रत्येक भारतीय यात्रेकरूला प्रस्थानापूर्वी एक लस टोचून घ्यावी लागते. मेनिंगोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसविरुद्धची ही लस घेतल्याखेरीज सौदी अरेबियात यात्रेसाठी प्रवेश मिळत नाही. म्हणून केंद्र सरकार ती विकत घेते, राज्यांकडे धाडते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे भरवून ती दिली जाते. अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळालेला पुण्याचा वा नागपूरचा विद्यार्थी याच रोगावरची लस खासगी दवाखान्यात पदरचे काही हजार रुपये मोजून घेतो. कारण तिकडच्या अनेक वसतिगृहांचे दार त्या प्रमाणपत्राशिवाय उघडत नाही. आणि नायजेरियातील मुलांना या रोगाविरुद्ध जी नवी लस मिळू लागली आहे, ती तयार होते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये.

या चित्रात एकच मूल कुठे दिसत नाही. ते आहे देशाची सीमा न ओलांडणारे भारतीय मूल: ईशान्य दिल्लीच्या दाट वस्तीतले, धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीतले किंवा कोटाच्या वसतिगृहातले. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आज बारा रोगांविरुद्धच्या लशी आहेत. जिवाणूजन्य मेनिंजायटिसची जी तीन प्रमुख कारणे मानली जातात, त्यांपैकी हिब आणि न्यूमोकोकस या दोघांविरुद्धच्या लशी या यादीत आल्या आहेत. तिसरे कारण, म्हणजे मेनिंगोकोकस, मात्र बाहेरच राहिले आहे. बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही संघटनादेखील ही लस सर्व मुलांना द्यावी असे म्हणत नाही. विशेष धोका असलेल्यांपुरतीच तिची शिफारस आहे.

मर्यादित पैशांत सर्वांनाच सर्व काही देता येत नाही, हे मान्य करावेच लागेल. तेव्हा ही लस न देण्याचा निर्णय चुकीचाच आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. मुद्दा वेगळा आहे. आकडे समोर ठेवून, खर्च आणि लाभ तोलून घेतलेला असा काही निर्णय अस्तित्वात आहे काय? की कोणी प्रश्नच विचारला नाही म्हणून उत्तरही नाही? जगाचा आणि खुद्द राजधानीचा अनुभव पाहिला, तर दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

रोग एकाचा, वाहक दुसरा

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज येणे म्हणजे मेनिंजायटिस. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमुळे आपल्या परिचयाचा झालेला जपानी मेंदूज्वर हा वेगळा; तो विषाणूचा आजार आणि डासांमार्फत पसरणारा. मेनिंगोकोकसला डास लागत नाही. तो माणसाच्याच नाकाच्या मागे आणि घशात मुक्काम करतो आणि श्वासाच्या तुषारांतून, निकटच्या सहवासातून दुसऱ्याकडे जातो. बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. थोड्यांच्या बाबतीत तो रक्तात शिरतो, आणि मग अवधी तासांत मोजावा लागतो. सकाळी साधा ताप आणि डोकेदुखी असलेले मूल रात्री अतिदक्षता विभागात असते. योग्य उपचार मिळूनही दहापैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. उपचार न मिळाल्यास निम्म्यांपर्यंत. जे वाचतात त्यांच्यातील अनेकांना कायमचा बहिरेपणा, झटके, बौद्धिक अपंगत्व येते किंवा हातपाय गमवावे लागतात.

या जिवाणूचे ए, बी, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स हे सहा गट जवळपास सर्व आजाराला कारण ठरतात. एका गटाविरुद्धची लस दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे ‘मेनिंजायटिसची लस’ असे सरसकट म्हणणे धोरणाच्या दृष्टीने निरर्थक आहे. कोणत्या देशात कोणता गट वावरतो हे ठाऊक असल्याशिवाय कोणती लस घ्यायची हे ठरत नाही.

धोरणकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आणखी निराळी आहे. या रोगाला सर्वाधिक बळी पडतात ती तान्ही मुले, पण जिवाणू सर्वाधिक प्रमाणात बाळगतात ते किशोर आणि तरुण. युरोपातील पाहण्यांनुसार बाल्यावस्थेत जिवाणू घशात असण्याचे प्रमाण चार-पाच टक्के असते, तर एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ते चोवीस टक्क्यांच्या आसपास पोहोचते. वसतिगृहे, बराकी, एका खोलीत चौघे, एकाच ग्लासातून पाणी, हे सारे त्या वयाचे वास्तव. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला दिलेली लस त्याच्या घरातील तान्ह्या बहिणीचेही रक्षण करू शकते.

मात्र त्यासाठी लस योग्य प्रकारची हवी. जुनी पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये नीट काम करीत नाही, तिचा प्रभाव थोड्याच वर्षांत ओसरतो आणि घशातील जिवाणूला ती हटवू शकत नाही. जिवाणूच्या आवरणातील शर्करेला प्रथिनाची जोड देऊन बनवलेली कॉन्ज्युगेट लस तान्ह्यांनाही चालते, अधिक टिकते आणि रोगाचा प्रसारही रोखते. साथ आल्यावर धावपळ करण्याचे जुने धोरण आणि नियमित लसीकरणाचे नवे धोरण यांच्यातील फरक मुळात या दोन लशींतील फरक आहे.

ब्रिटनने मांडलेला हिशेब

नोव्हेंबर १९९९ मध्ये सी गटाविरुद्धची कॉन्ज्युगेट लस नियमित कार्यक्रमात आणणारा ब्रिटन हा पहिला देश. तान्ह्यांबरोबरच अठरा वर्षांखालील सर्वांना ती देण्याची मोहीम तेथे राबवली गेली. काही वर्षांत सी गटाचे रुग्ण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले आणि ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांच्यातही रोग कमी झाला. नेदरलँड्सनेही २००२ मध्ये हाच मार्ग धरला.

पण ब्रिटनकडून शिकण्यासारखी गोष्ट यशापेक्षाही नंतरच्या जागरूकतेत आहे. २००९ नंतर तेथे डब्ल्यू गटाचे रुग्ण वाढू लागले. प्रयोगशाळांत प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूचा गट तपासला जात होता, म्हणून ही वाढ नजरेत आली. ऑगस्ट २०१५ पासून किशोरवयीनांना आणि विद्यापीठात प्रथमच जाणाऱ्यांना ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांविरुद्धची लस देणे सुरू झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये एक वर्षाच्या मुलांना दिली जाणारी सी गटाची मात्रा वगळण्यात आली. किशोरांच्या लसीकरणामुळे जिवाणूचा वावरच इतका घटला होता की तिची निकड उरली नाही. लसीकरणाचे वेळापत्रक म्हणजे शिलालेख नव्हे. मोजणी चालू असेल तर त्यात भर घालता येते, तशी त्यातून वजाबाकीही करता येते.

बी गटाची कथा अधिक बोधप्रद आहे. त्या गटाविरुद्धची लस बनवणे शास्त्रीयदृष्ट्या अवघड होते. ती तयार झाली तेव्हा महाग होती. ब्रिटनच्या लसीकरणविषयक तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये अंतरिम मत दिले की खर्चाच्या तुलनेत ती परवडणारी नाही. पालक, डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. समितीने २०१४ मध्ये गणित पुन्हा मांडले आणि किंमत कमी होत असेल तर लस घ्यावी असे सुचवले. सरकार आणि कंपनी यांच्यात घासाघीस झाली आणि सप्टेंबर २०१५ पासून तान्ह्यांना ती मिळू लागली. पहिल्या तीन वर्षांत लस मिळालेल्या वयोगटात बी गटाचा आजार सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. मात्र २०१६ मध्ये आठ लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या करून ती मोठ्या मुलांनाही देण्याची मागणी केली, तेव्हा सरकार बधले नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७-१८ मध्ये सुमारे पस्तीस हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात ही लस घशातील जिवाणूचा वावर कमी करीत नसल्याचे पुढे दिसून आले. बी गटाची लस घेणाऱ्याचे रक्षण करते, शेजाऱ्याचे नाही. कोणाला, कोणत्या वयात आणि काय भावाने, हे तिन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात ते यासाठीच.

पुण्याची लस, आफ्रिकेची सुटका

श्रीमंत देशांची गोष्ट निराळी, असे म्हणून हा विषय बाजूला सारता आला असता. पण आफ्रिकेचे उदाहरण ती सोय ठेवत नाही. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या ‘मेनिंजायटिस पट्ट्या’त कोरड्या हवेच्या महिन्यांत या रोगाच्या साथी येत राहिल्या. १९९६-९७ ची साथ सर्वांत भीषण होती. अडीच लाखांवर रुग्ण आणि पंचवीस हजारांवर मृत्यू. त्या साथींमागे प्रामुख्याने ए गट होता. त्याविरुद्ध चांगली लस बनवणे शक्य होते, पण गिऱ्हाईक गरीब असल्याने बड्या कंपन्यांना त्यात रस नव्हता.

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या अनुदानातून जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने मेनिंजायटिस लस प्रकल्प हाती घेतला. लस पन्नास सेंटपेक्षा स्वस्त असावी, अशी आफ्रिकी देशांची अट होती. ती अट स्वीकारली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. लस जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले आणि उत्पादन पुण्यात झाले. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रिव्हॅक’ या लशीची मोहीम सुरू झाली. एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या सर्वांना एक मात्रा असे सूत्र होते. चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्याची मुभा २०१२ मध्ये या लशीला मिळाली. वीज आणि बर्फ दोन्हींची वानवा असलेल्या खेड्यांत याचा अर्थ काय होतो, हे पल्स पोलिओच्या दिवसांत बर्फाची पेटी घेऊन फिरलेल्या आपल्याकडील आरोग्यसेविकांना सांगावे लागणार नाही. पुढच्या दशकात पस्तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा रुग्ण नोंदला गेलेला नाही.

पण एकदा मोहीम झाली की काम संपत नाही, हेही तेथेच दिसले. नव्याने जन्मणाऱ्या मुलांना लस मिळाली नाही तर काही वर्षांत रोगाला पुन्हा वाट मिळते. म्हणून २०१६ पासून घाना आणि सुदानपासून सुरुवात करून ही लस बालकांच्या नियमित वेळापत्रकात घेतली गेली. दरम्यान अन्य गटांनी डोके वर काढले. २०१५ मध्ये नायजरमध्ये आणि २०१७ मध्ये नायजेरियात सी गटाच्या मोठ्या साथी आल्या. नायजेरियातील साथीत अकराशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा पुण्यातूनच पुढचे उत्तर आले. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांविरुद्धची ‘मेनफाइव्ह’ ही लस सीरम आणि पाथ यांनी ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्याने विकसित केली. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरली.

या यशाला आता पैशांची झळ लागू लागली आहे. गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०२५ मध्ये ब्रसेल्स येथे पुढील पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठेवले होते. आश्वासने मिळाली नऊ अब्जांच्या आसपास आणि अमेरिकेने आपला हात आखडता घेतल्याचे त्याच वेळी जाहीर केले. २०३० पर्यंत जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या साथी संपवायच्या, लशीने टाळता येणारे रुग्ण निम्म्याने आणि मृत्यू ७० टक्क्यांनी घटवायचे, हा जागतिक आराखडा सदस्य राष्ट्रांनी २०२० मध्ये संमत केला. त्या राष्ट्रांत भारतही आहे. मुदतीची आता मोजकीच वर्षे उरली आहेत.

दिल्लीला पडलेला विसर

हा रोग आपला नव्हेच, असा समज असेल तर तो राजधानीच्या इतिहासाला धरून नाही. १९६६ मध्ये दिल्लीत त्याची साथ आली. १९८५ मध्ये पुन्हा आली तेव्हा सहा हजारांच्या आसपास रुग्ण आणि सुमारे आठशे मृत्यू झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, एप्रिल-मे २००५ मध्ये, जुन्या दिल्लीच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतून रुग्ण येऊ लागले. ही संख्या चारशेच्या वर गेली. त्यात तरुणांचा भरणा होता. त्या काळात दिल्लीत नोकरीला असलेल्यांना तेव्हाची भीती आठवत असेल. औषधांच्या दुकानांत लशीची विचारणा वाढली. ज्याला परवडली त्याने ती घेतली. रुग्णांच्या निकटवर्तीयांना प्रतिबंधक प्रतिजैविके देण्यात आली आणि पावसाबरोबर साथ ओसरली. त्यानंतर २००८-०९ मध्ये मेघालयात आणि २००९ मध्ये त्रिपुरात या रोगाने मोठा उच्छाद मांडला. राजधानीपासून ती राज्ये दूर. त्यामुळे बातमीही लहान झाली.

या सर्व साथींमागे ए गट होता. मेनआफ्रिव्हॅक ज्याच्याविरुद्ध बनली, तोच गट. म्हणजे भारताला ज्या गटाने वारंवार छळले, त्याच गटावरची जगातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी लस भारतात तयार झाली आणि ती भारताच्या कार्यक्रमात कधी आली नाही. यात सीरमचा दोष नाही. कारखानदार मागणी असेल तेथे माल पाठवतो, आणि मागणी नोंदवण्याचे काम सरकारचे असते.

जे मोजले जात नाही

सरकारने मागणी का नोंदवली नाही, याचे प्रामाणिक उत्तर असे की आपल्याकडे या रोगाचे एकूण ओझे किती, हे खात्रीने सांगता येत नाही. मेनिंजायटिसचा संशय आला की पाठीच्या मणक्यातून पाणी काढून ते तपासावे लागते. आपल्या तालुका रुग्णालयांत ही सोय क्वचित असते. रुग्ण तेथे पोहोचेपर्यंत त्याच्या पोटात दोन-तीन प्रतिजैविके गेलेली असतात. त्यामुळे नमुन्यात जिवाणू उगवतच नाही. निदानाच्या रकान्यात ‘ताप व झटके’ किंवा ‘मेंदूज्वर’ असे लिहिले जाते. गट तपासण्याची वेळ तर त्याहून क्वचित येते. मग दिल्लीच्या कागदावर आकडा लहान दिसतो. आकडा लहान म्हणून लस नको, आणि लस नको म्हणून मोजणीची निकडही नाही, असे हे चक्र स्वतःभोवती फिरत राहते.

रोगाची मोजणी ही राजकीय बाबही असते. १९७४ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत याच रोगाची भयंकर साथ पसरली, तेव्हा तेथील लष्करी राजवटीने वृत्तपत्रांना त्याविषयी छापण्यास मनाई केली. पुढे बोभाटा अटळ झाला आणि १९७५ मध्ये कोट्यवधी नागरिकांना घाईघाईने लस टोचावी लागली. लोकशाहीत असे दडपण चालत नाही. पण न मोजण्याचा परिणाम दडपण्याहून फार वेगळा होत नाही. फरक इतकाच की त्यात कोणाला दोषी धरता येत नाही.

हिब लशीच्या वेळी आपण हे अनुभवले आहे. भारतात हिबचे प्रमाण कमी आहे, मग पेंटाव्हॅलंट लस कशासाठी, असा आक्षेप काही नामवंतांनी घेतला आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. आक्षेपात तथ्याचा अंश होता, कारण देशव्यापी आकडेवारी तोकडी होती. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत ती सुरू झाली आणि मग क्रमाने देशभर पोहोचली. न्यूमोकोकसच्या लशीला किमतीने अडवले होते. २०१७ मध्ये काही राज्यांत तिचा प्रारंभ झाला. देशव्यापी विस्तार झाला तो २०२१ मध्ये, स्वदेशी आणि स्वस्त लस हाती आल्यानंतर. हिबला माहितीने अडवले, न्यूमोकोकसला पैशाने. मेनिंगोकोकसच्या बाबतीत स्वस्त लस हाताशी आहे. उणीव माहितीची आहे.

विरोधाचा युक्तिवाद आणि पुढची वाट

दुसऱ्या बाजूचे म्हणणे कमी महत्त्वाचे नाही. वर्षाला अडीच कोटींहून अधिक बालके जन्मणाऱ्या देशात एक मात्रा वाढवणे म्हणजे केवळ लशीची किंमत नव्हे. शीतसाखळी, सुया, प्रशिक्षण आणि आधीच कामाने वाकलेल्या आशा व आरोग्यसेविकांचा वेळ असा सारा खर्च त्यात येतो. क्षयरोग आणि कुपोषण यांच्यापुढे क्वचित होणाऱ्या रोगाला किती प्राधान्य द्यावे, हा प्रश्न रास्त आहे. मेघालयानंतर तेवढी मोठी साथ देशात नोंदली गेलेली नाही, हेही खरे. हे सर्व लक्षात घेता उद्यापासून देशभर सर्वांना लस द्या, ही मागणी टिकणारी नाही.

टिकणारी मागणी आहे ती निर्णयाची पूर्वतयारी करण्याची. देशातील निवडक मोठ्या रुग्णालयांत मेनिंजायटिसच्या प्रत्येक संशयित रुग्णाचा नमुना पीसीआर पद्धतीने तपासला, तर आधी प्रतिजैविके दिलेली असली तरी जिवाणू आणि त्याचा गट अनेकदा ओळखता येतो. करोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांत ही यंत्रे आहेत. त्यांना काम देण्याचा प्रश्न आहे. पोलिओच्या वेळी लुळेपणाचा प्रत्येक संशयित रुग्ण शोधून त्याची तपासणी करणारी व्यवस्था याच देशाने उभारली आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. मोजायचे ठरवले तर आपल्याला मोजता येते, याचा दाखला घरातच आहे.

दुसरे काम किशोरांच्या लसीकरणाचे. तान्ह्यांपर्यंत पोहोचण्याची घडी आपल्याकडे बसली आहे. शाळकरी मुलांपर्यंतची अजून कच्ची आहे. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची, असे राष्ट्रीय वेळापत्रकात लिहिलेले आहे. आपल्या मुलाला ती मिळाली काय, असे किती पालकांना सांगता येईल? अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके शाळांत जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीला प्रोत्साहन देण्याचे २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाले, तेही नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठीच. हे सर्व धागे एकत्र विणले तर शालेय लसीकरणाची पक्की वाट तयार होते. उद्या मेनिंगोकोकसच्या लशीची गरज सिद्ध झाली, तर तिला त्या वाटेने जाता येईल. वाट नसेल तर गरज सिद्ध होऊनही लस गोदामात राहील.

तिसरे काम साथीच्या तयारीचे. ईशान्येची राज्ये, महानगरांच्या दाट वस्त्या आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांसाठी कॉन्ज्युगेट लशीचा राखीव साठा आणि तो किती रुग्ण झाल्यावर उघडायचा याचा लेखी नियम हवा. मुखर्जीनगर आणि राजेंद्रनगरच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मराठी मुलेमुली शेकड्यांनी राहतात. वय विशी-पंचविशीचे, खोल्या कोंदट, खाणावळ सामाईक आणि घर दीड हजार किलोमीटरवर. २००५ च्या साथीने निवडलेला वयोगट हाच होता. असा साठा नसल्यास पुन्हा तेच होईल: ज्याची ऐपत, त्याला लस.

हे कोणी करायचे, याचेही उत्तर संदिग्ध नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हे खरे. पण संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणे ही घटनेच्या सातव्या परिशिष्टातील समवर्ती सूचीची २९ वी नोंद आहे, आणि सार्वत्रिक कार्यक्रमाच्या लशी केंद्रच विकत घेते. लसीकरणावर सल्ला देणारा राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट २००१ पासून अस्तित्वात आहे. त्याच्यापुढे मेनिंगोकोकसचा प्रश्न रीतसर ठेवावा, दोन-तीन वर्षांच्या तपासणीची मुदत ठरवावी आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. निष्कर्ष ‘देशभर नको, पण ईशान्येत आणि वसतिगृहांत हवी’ असा येऊ शकेल. ‘कुठेच नको’ असाही येऊ शकेल. तोही चालेल. तो निदान निर्णय असेल आणि नव्या आकड्यांच्या आधारे कोणालाही तो बदलून मागता येईल.

अडचण अशी की या रोगाला दबावगट नाही. ब्रिटनमध्ये आठ लाख सह्या जमल्या, कारण तेथे मूल कशाने गेले हे पालकांना ठाऊक होते. आपल्याकडे ज्याचे मूल दोन दिवसांच्या तापात जाते, त्या बापाला रोगाचे नावही कळत नाही. जे नाव माहीत नाही, त्याविरुद्ध लस मागायला तो कोणाच्या दारी जाणार? संसदेत प्रश्न विचारला जातो तो साथ आल्यावर, आणि साथ ओसरली की नस्ती बंद होते. १९८५ आणि २००५ यांच्यामध्ये वीस वर्षे गेली होती. २००५ नंतरही तेवढा काळ केव्हाच उलटून गेला आहे. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या प्रशासनाला नवी नाही. फक्त यावेळी झोपा करण्याचे सामान आपल्याच अंगणात पडून आहे आणि शेजारच्या खंडाने त्याच सामानाने आपला गोठा केव्हाच शाकारून घेतला आहे.